डॅन्यूबवरचा पूल आणि तरंगती गिरणी

२२ मे १८०९ची सकाळ. व्हिएन्ना शहराच्या खालच्या अंगाला, डॅन्यूब नदीच्या फुगलेल्या पाण्यावरून एक पेटलेली पिठाची गिरणी वाहत येत होती.

गिरणी नदीतून कशी वाहत येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या काळी डॅन्यूबवर अशा गिरण्या ठिकठिकाणी होत्या. एका मोठ्या होडीवर लाकडी खोपटं उभारायचं, त्यात जातं बसवायचं. शेजारी दुसरी लहान होडी. दोघींच्या मधल्या फटीत पाण्यावर फिरणारं चाक. हे सगळं धूड साखळदंडांनी बांधून ठेवायचं. नदी चढो की उतरो, गिरणी तिच्याबरोबर वर-खाली होते आणि दळण चालू राहतं. पाण्याची पातळी सतत बदलणाऱ्या नदीवर काठाला पक्की पाणचक्की बांधण्यापेक्षा ही सोय केव्हाही बरी. फक्त साखळ्या तोडल्या की तेच धूड प्रवाहाबरोबर सुटतं, आणि मग त्याला थांबवणारं कोणी नसतं.

ऑस्ट्रियन सैनिकांनी त्या दिवशी नेमकं तेच केलं. गिरणीला आग लावली आणि सोडून दिली. खाली नेपोलियनचा पूल होता. होड्यांवर फळ्या टाकून केलेला. पुलाच्या उत्तरेला त्याचं अर्धंअधिक सैन्य लढत होतं, दक्षिणेला उरलेलं सैन्य आणि दारूगोळ्याच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. गिरणी येऊन आदळली, पूल तुटला, आणि त्या क्षणापर्यंत जिंकत आलेली लढाई फिरली.

आस्पर्न-एसलिंगची लढाई म्हणून ती ओळखली जाते. स्वतः नेपोलियन सेनापती असताना फ्रेंचांना भर मैदानातून अशी उघड माघार घ्यावी लागल्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. लढाईचे नकाशे पाहिले की त्यावर निळे-लाल बाण इतके असतात की डोकं गरगरतं. मला विचाराल तर बाण सोडून द्या आणि पुलाकडे बघत राहा. पूल कधी उभा होता आणि कधी तुटलेला होता एवढं कळलं तरी लढाई कळते.

भांडण कशाचं होतं

थोडक्यात सांगतो, कारण ही बाजू ओळखीची आहे. १८०५मध्ये ऑस्टरलिट्झला नेपोलियनने ऑस्ट्रिया आणि रशिया या दोघांना एकत्र झोडपलं. ऑस्ट्रियाला मानहानीचा तह करावा लागला, मुलूख गेला. पुढची तीन-चार वर्षं सम्राट फ्रान्सिसचा धाकटा भाऊ आर्चड्यूक कार्ल याने सैन्याची डागडुजी केली. १८०८मध्ये नेपोलियन स्पेनच्या चिखलात रुतला. व्हिएन्नाला वाटलं, हीच वेळ. एप्रिल १८०९मध्ये ऑस्ट्रियन सैन्य फ्रान्सच्या मित्रराज्यात, बव्हेरियात घुसलं.

नेपोलियन पॅरिसहून धावत आला आणि आठवड्याभरात चित्र पालटलं. आबेन्सबर्ग, लांड्सहूट, एकम्यूल, रेगेन्सबुर्ग अशा एकामागून एक लढाया झाल्या आणि कार्लला मागे हटून डॅन्यूबच्या उत्तर काठाला जावं लागलं. नेपोलियन दक्षिण काठाने सरळ व्हिएन्नाकडे निघाला. १३ मे रोजी राजधानी पडली.

आता राजधानी हातात आली म्हणजे युद्ध संपलं असं नव्हे. शत्रूचं सैन्य शाबूत होतं, नदीपलीकडे उभं होतं. आणि शहरातले सगळे पूल ऑस्ट्रियनांनी जाताना मोडून-जाळून टाकले होते.

पूल जाळण्यामागे एक जुनी जखम होती. १८०५मध्ये याच शहरातला डॅन्यूबवरचा पूल फ्रेंचांनी एकही गोळी न झाडता घेतला होता. पूल उडवायला सुरुंग पेरलेले, तोफा रोखलेल्या. म्युरा आणि लान हे दोन मार्शल गप्पा मारत पुलावरून चालत गेले आणि युद्धबंदी झाल्याचं ठोकून दिलं. ऑस्ट्रियन अधिकारी घोळात पडले आणि त्या घोळात मागून फ्रेंच सैनिक पूल चालून आले. शुद्ध थाप. ती इतकी झोंबली होती की चार वर्षांनी ऑस्ट्रियनांनी धोकाच पत्करला नाही. त्या थापाड्यांपैकी लानचं नाव लक्षात ठेवा.

नदी ओलांडणं एवढं अवघड का

आपण नदी ओलांडणं म्हटलं की पाण्याची खोली आणि धार यांचा विचार करतो. सेनापती वेळेचा विचार करतो. किती तासांत किती माणसं पलीकडे जातील, हा त्याचा प्रश्न असतो, आणि तो शुद्ध गणिताचा आहे.

समजा, एका तोफेला सहा घोडे जुंपलेत. तोफ आणि घोडे मिळून रस्त्यावर पंधराएक मीटर जागा खातात. तोफेमागे दारूगोळ्याच्या निदान दोन गाड्या, त्यांना वेगळे घोडे. म्हणजे एका तोफेचा संसार पन्नास मीटर लांब. शंभर तोफा म्हणजे पाच किलोमीटरची रांग. ती डुगडुगणाऱ्या, अरुंद पुलावरून बिचकणाऱ्या घोड्यांना लगामाशी धरून न्यायची, तर माणसाच्या चालीनेही जाता येत नाही. नुसत्या तोफांनाच दोन-तीन तास. त्याशिवाय पायदळ, घोडदळ, जखमींना परत आणणाऱ्या गाड्या. त्या तर उलट दिशेने येणार, आणि पूल एकच. लग्नसराईत घाटात अडकलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

पलीकडचा शत्रू या गणिताचा दोन प्रकारे फायदा घेऊ शकतो. एक, काठावरच उभं राहायचं आणि कोणाला पाय टेकू द्यायचा नाही. पण नदी लांबलचक, माणसं मोजकी. सगळीकडे पहारा ठेवायचा तर सगळीकडेच पातळ होतं. दुसरा प्रकार जास्त थंड डोक्याचा आहे. थोडं मागे उभं राहायचं, शत्रूला येऊ द्यायचं, आणि तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे असताना पूर्ण ताकदीनिशी तुटून पडायचं. कार्लने हा दुसरा मार्ग घेतला.

नदी ओलांडणाऱ्याकडे उपाय एकच, शत्रूला जिथे अपेक्षा नाही तिथून जायचं. त्याच महिन्यात, १२ मेला, पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने ते करून दाखवलं होतं. पलीकडे फ्रेंच मार्शल सूल्ट समुद्राच्या बाजूला डोळे लावून बसला होता. वेलस्लीच्या माणसांना शहराच्या वरच्या अंगाला दारूची पिंपं वाहणाऱ्या काही नावा मिळाल्या. त्यांतून पंचवीस-तीस माणसांच्या खेपा करत त्यांनी भर दिवसा डौरो नदी ओलांडली आणि पलीकडची एक मोठी इमारत धरून ठेवली. हा वेलस्ली आपल्याला परका नाही. १८०३मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर केळना नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत असताना, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसतात म्हणजे मधे उतार असणारच, असा तर्क लढवून ती ओलांडणारा तोच. नदीच्या बाबतीत त्याचं डोकं चालायचं.

पण केळना आणि डॅन्यूब यांत फरक आहे. १८०९ची डॅन्यूब म्हणजे व्हिएन्नाजवळ एक नदी नव्हतीच. फाटे, बेटं, झाडी, दलदल, पुन्हा फाटे असं ते जाळं होतं. शिवाय आपल्याकडच्या नद्या आषाढ-श्रावणात भरतात, ही उन्हाळा तोंडावर आला की चढते. आल्प्सवरचा बर्फ वितळतो, उपनद्यांतून पाणी येतं, आणि ऐन मे महिन्यात, वरून ऊन पडलेलं असताना, नदी काही तासांत काही फूट वर येते. स्थानिकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. नेपोलियनलाही माहीत असायला हवं होतं. पण त्याला घाई होती.

होड्या, फळ्या आणि नांगर

शहराच्या वरच्या अंगाला नुसडॉर्फपाशी पहिला प्रयत्न फसला. मग नेपोलियनने शहराच्या खाली, कैसर-एबर्सडॉर्फ गावासमोरची जागा निवडली. तिथे लोबाऊ नावाचं मोठं, झाडीने भरलेलं बेट आहे. दक्षिण काठापासून लोबाऊपर्यंतचं पाणी रुंद, मधल्या लहान बेटासकट साधारण पाऊण किलोमीटर. लोबाऊपासून उत्तर काठापर्यंतचा फाटा मात्र शंभरएक मीटरचाच. बेत असा की अवघड भाग झाडीच्या आडून आधी उरकायचा, सगळं सैन्य बेटावर गोळा करायचं आणि मग छोटी उडी मारायची.

होड्यांचा पूल कसा बांधतात ते जवळून बघण्यासारखं आहे. पहिली होडी काठाजवळ आणतात, तिचं नाक प्रवाहाकडे करतात आणि वरच्या बाजूला नांगर टाकतात. काही पावलं सोडून दुसरी होडी, तिला नांगर. दोघींवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्या दोरांनी आवळायच्या. मग तिसरी होडी. असं करत पलीकडे जायचं. या सगळ्यात होडी महत्त्वाची नाही, फळीही नाही. महत्त्वाचा आहे नांगर. प्रवाहाचा सगळा रेटा तोच पेलतो. तो तळाला घट्ट बसला नाही तर होडी सरकते, शेजारच्या होडीला ओढते, आणि ओळीने सगळा पूल धनुष्यासारखा वाकतो.

आणि फ्रेंचांकडे नेमके नांगरच पुरेसे नव्हते. व्हिएन्नात होड्या मिळाल्या, लाकूड मिळालं, दोर मिळाले. नांगरांच्या जागी शहराच्या शस्त्रागारातल्या जुन्या जड तोफा आणि तोफगोळ्यांनी भरलेली खोकी पाण्यात सोडली गेली. जुगाड म्हणून कौतुक करावं असा, पण शांत पाण्यासाठी. ७०च्या आसपास होड्या आणि तराफे लावून मोठा पूल उभा राहिला. तरंगून येणारी लाकडं अडवायला पुलाच्या वरच्या बाजूला खुंटांची रांग ठोकायला हवी होती. ती ठोकली गेली नाही. शत्रूच्या नौका हुसकावायला स्वतःच्या सशस्त्र होड्याही नव्हत्या. वेळच नव्हता, असं फ्रेंच बाजूने म्हटलं जातं. सात आठवड्यांनी याच माणसाने याच जागी काय केलं ते पाहिलं की हे कारण पुरेसं वाटत नाही. त्याने शत्रूला कमी लेखलं होतं, आणि नदीला त्याहून कमी.

२० मेच्या संध्याकाळी पहिल्या तुकड्या उत्तर काठावर पोचल्या. त्याच संध्याकाळी, लढाईला तोंड फुटण्याआधीच, वाहत आलेल्या एका जड नौकेने मोठा पूल पहिल्यांदा तोडला. रात्रभर दुरुस्ती चालली. पलीकडे बिसामबर्ग टेकडीवरून कार्लचे टेहळे हे सगळं पाहत होते.

दोन गावं आणि मधली मोकळी जागा

उत्तर काठावर मार्चफेल्ड नावाचं सपाट मैदान पसरलेलं आहे. त्याच्या कडेला दोन गावं. डावीकडे आस्पर्न, उजवीकडे एसलिंग, मधे दीड-दोन किलोमीटरची मोकळी शेतं. गावं हातात असली तर पूल सुरक्षित, गावं गेली तर मागे थेट पाणी.

२१ मेच्या दुपारी कार्लचं सैन्य पाच रांगांनी या अर्धवर्तुळावर चालून आलं. ९५,०००च्या घरात माणसं, अडीचशेहून अधिक तोफा. समोर फ्रेंच जेमतेम २५,००० आणि मागे धड पूल नाही. आस्पर्न मार्शल मासेनाकडे, एसलिंग लानकडे. मधल्या जागेत उभं करायला पायदळच नव्हतं, म्हणून तिथे मार्शल बेसिएरचं घोडदळ.

आस्पर्नमध्ये जे झालं त्याला लढाई म्हणण्यापेक्षा घराघरातली मारामारी म्हणणं बरं. गल्ल्या, बागा, चर्चची भिंत, कबरस्तान, सगळं या हातातून त्या हातात जात राहिलं. दोन दिवसांत गाव किती वेळा हातबदल झालं याचे आकडे प्रत्येक इतिहासकार वेगळे देतो. त्या धुरात कोण मोजत बसलं असेल?

मधल्या जागेत कार्लची तयारी कामाला आली. घोडदळ अंगावर आलं की पायदळाने पोकळ चौकोन करून उभं राहायचं, ही सगळ्या युरोपची रीत. पण चौकोन करून चालता येत नाही. कार्लने आपल्या पलटणींना भरीव, दाट गठ्ठ्यात उभं राहायला शिकवलं होतं. गठ्ठ्यात हळूहळू का होईना पुढे सरकता येतं आणि घोडाही आत शिरत नाही. चिलखती फ्रेंच घोडेस्वार पुन्हा पुन्हा येऊन आदळले आणि परत गेले. त्यांचा जनरल एस्पान्य तिथे पडला. पण या धडकांनी एक साधलं. मधली पोकळी ऑस्ट्रियनांना संध्याकाळपर्यंत ओलांडता आली नाही.

एसलिंगमध्ये फ्रेंचांचा आधार होता धान्याचं एक कोठार. तीन मजली, जाड दगडी भिंतींचं, किल्ल्यासारखं. बाहेरचं गाव गेलं तरी कोठार गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियनांनी तिथे किती माणसं घालवली ते वाचवत नाही.

रात्री पूल उभा राहिला. जितका वेळ तो टिकला तितका वेळ माणसं येत राहिली. सकाळपर्यंत फ्रेंच साठ हजारांच्या पुढे गेले. मासेनाने पहाटे आस्पर्न परत घेतलं आणि सातच्या सुमारास लानने मधूनच चढाई केली. बचाव संपला, आता शत्रूची फळी दोन तुकड्यांत फोडायची. फळी खरंच वाकू लागली. याच वेळी कार्ल एका पलटणीचं निशाण हाती घेऊन माणसांना पुढे घेऊन गेला, अशी गोष्ट सांगतात. व्हिएन्नाच्या हेल्डनप्लात्स चौकात घोड्यावर बसून निशाण उंचावणारा त्याचा पुतळा आहे तो याच प्रसंगाचा. खरोखर त्याने ते जड निशाण कितीसं उचललं, यावर वाद आहे.

आणि मग ती गिरणी आली.

पूल तुटल्याची खबर नेपोलियनपर्यंत पोचली तेव्हा मार्शल दावूची सगळी कोअर, म्हणजे हजारो सैनिकांचा अख्खा विभाग, दक्षिण काठावर उभी होती. ती लढाईत उतरूच शकली नाही. दारूगोळाही तिकडेच. चढाई चालू ठेवायची तर तोफांना खाद्य हवं, आणि खाद्य पाण्यापलीकडे. नेपोलियनने लानला थांबायचा हुकूम पाठवला. लानची माणसं उघड्या मैदानात, समोर अडीचशे तोफा, आणि स्वतःच्या तोफा गोळे मोजून उडवताहेत. तिथून पुढे दिवसभर जे झालं ते फक्त टिकून राहणं होतं.

दुपारी लानचा जुना मित्र जनरल पूझे त्याच्याशी बोलता बोलता गोळा लागून ठार झाला. लान हादरला, थोडा बाजूला गेला आणि एका चराच्या कडेला पायावर पाय टाकून बसला. जमिनीवरून टप्पा खाऊन आलेला एक लहान तोफगोळा नेमका त्या एकमेकांवर टाकलेल्या गुडघ्यांवर आदळला. शल्यविशारद लारेने त्याचा एक पाय कापला. नऊ दिवसांनी, ३१ मेला, लान गेला. चार वर्षांपूर्वी बोलबच्चन करून पूल पटकावणारा माणूस, दुसरा पूल तुटल्यामुळे अडकलेल्या मैदानात संपला. नेपोलियनला अरे-तुरे करू शकणारी जी दोन-चार माणसं होती त्यांतला तो एक. त्याच दिवशी व्हिएन्नात संगीतकार हायडनही वारला. त्याच्या दारावर फ्रेंचांनी सन्मानाने पहारा ठेवला होता.

बेटावरचे दिवस

रात्री फ्रेंच लोबाऊवर परतले आणि मागचा छोटा पूल उचलून घेतला. दोन दिवसांत दोन्ही बाजूंची प्रत्येकी वीस हजारांहून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. बेटावर हजारो जखमी होते आणि दक्षिणेचा पूल अजून तुटलेलाच. खायला काही नाही. लारेने मेलेल्या घोड्यांचं मांस उकळून सूप करायला लावलं. भांडी नव्हती, म्हणून घोडेस्वारांच्या छातीवरची लोखंडी चिलखतं उलटी करून त्यांत शिजवलं. मीठ नव्हतं, म्हणून चिमूटभर बंदुकीची दारू घातली.

कार्लने या अवस्थेतल्या शत्रूवर झडप का घातली नाही, यावर दोनशे वर्षं शाई खर्च झाली आहे. त्याचेही वीस हजारांवर गेले होते, दारूगोळा आटला होता, आणि आता तोच जर बेटावर उतरायला गेला असता तर नदी ओलांडण्याचं ते सगळं गणित त्याच्यावर उलटलं असतं. हे मला पटतं. पुढचे सहा आठवडे तो जवळपास हात बांधून बसला, हे मात्र पटत नाही.

नेपोलियन बसला नव्हता. या सहा आठवड्यांत लोबाऊचं बेट म्हणजे किल्लाच झालं. जनरल बर्त्राँच्या इंजिनियरांनी यावेळी होड्यांवर विसंबून न राहता नदीच्या तळात लाकडी खांब ठोकून पक्का पूल बांधला. ६० कमानींचा, तीन गाड्या शेजारी शेजारी जातील असा रुंद. शिवाय दुसरा पूल. पुलांच्या वर प्रवाहात खुंटांची रांग, म्हणजे गिरणी येवो की ओंडका, आधी तिथे अडकेल. गस्तीला सशस्त्र होड्या. बेटावर शंभराहून अधिक तोफा. मे महिन्यात जे जे राहिलं होतं ते ते सगळं. फ्रेंच सैन्यापुरती डॅन्यूब आता उरलेलीच नाही, अशी फुशारकी सरकारी पत्रकात मारली गेली, आणि या खेपेला ती खरी होती.

इटलीहून, दाल्मेशियाहून कुमक आली. दीड लाखाहून अधिक माणसं त्या बेटावर आणि आसपास गोळा झाली. मग हूल. मे महिन्यात जिथून ओलांडलं होतं त्याच उत्तरेकडच्या जागी फ्रेंचांनी मुद्दाम पूल टाकला, तुकड्या पाठवल्या. ऑस्ट्रियनांनी आस्पर्न ते एसलिंग ते एंझर्सडॉर्फ अशी मातीची तटबंदी तिकडे तोंड करूनच उभारली होती.

४ जुलैच्या रात्री विजा कडाडत होत्या, पाऊस कोसळत होता. फ्रेंच तोफांनी एंझर्सडॉर्फ गाव पेटवलं आणि त्या गदारोळात बेटाच्या पूर्वेकडून, तटबंदीच्या बगलेतून, एकामागून एक पूल पडले. त्यांतला एक तर आधीच अख्खा जोडून काठाशी आडवा लपवून ठेवला होता. एक टोक बांधून ठेवायचं, दुसरं सोडायचं, प्रवाहच दार उघडल्यासारखा त्याला पलीकडे नेतो. काही मिनिटांत पूल तयार. मे महिन्यात जी धार वैरी होती तिलाच कामाला लावलं होतं. उजाडलं तेव्हा ऑस्ट्रियनांची तटबंदी चुकीच्या दिशेला तोंड करून उभी होती.

५ आणि ६ जुलैला वाग्रामची लढाई झाली. दोन्हीकडची मिळून तीन लाखांहून अधिक माणसं. युरोपने तोवर एवढी मोठी लढाई पाहिली नव्हती. पहिल्या संध्याकाळचे फ्रेंच हल्ले फसले. दुसऱ्या दिवशी कार्लने फ्रेंचांच्या डाव्या बगलेतून घुसून पूल गाठायचा प्रयत्न केला, म्हणजे त्यालाही मर्म ठाऊक होतं. पण लोबाऊवरच्या जड तोफांनी ती वाट भाजून काढली. नेपोलियनने शंभराहून अधिक तोफा एका रांगेत लावून मधली फळी खिळखिळी केली, दावूने उजवीकडून दाब दिला आणि कार्ल मागे हटला, शिस्तीत. फ्रेंच जिंकले, पण दोन्हीकडचे मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसं पडली. १२ जुलैला झ्नाइमला युद्धबंदी आणि १४ ऑक्टोबरला व्हिएन्नाच्या शोनब्रून राजवाड्यात तह.

पुढच्या मानपानाची यादी गमतीशीर आहे. एसलिंगमधून माघार घेणाऱ्या सैन्यातल्या मासेनाला ‘प्रिन्स ऑफ एसलिंग’ ही पदवी मिळाली, तिथलं कोठार सोडवणाऱ्या जनरल मूताँला ‘काउंट ऑफ लोबाऊ’. आणि ११ मार्च १८१० रोजी व्हिएन्नात नेपोलियनचं ऑस्ट्रियन राजकन्या मारी-लुईसशी लग्न लागलं तेव्हा नवरदेव पॅरिसला होता. वधूशेजारी त्याचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला तो तिचा काका, आर्चड्यूक कार्ल.

आस्पर्न आणि एसलिंग आता व्हिएन्ना शहराच्या २२व्या विभागात येतात. आस्पर्नच्या चर्चसमोर १८५८ साली बसवलेला एक दगडी सिंह पडलेला आहे, एसलिंगचं कोठार अजून उभं आहे. लोबाऊचं जंगल राष्ट्रीय उद्यानात गेलं. तिथल्या पायवाटांवर नेपोलियनचं मुख्यालय, दारूचं कोठार, फ्रेंचांची दफनभूमी अशा जागा दाखवणारे बुटके दगड आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावरून शहरातली माणसं टॉवेल खांद्यावर टाकून पोहायला जातात. ती ज्या फाट्यांत पोहतात त्यांत आता धार नाही. १८७० ते १८७५ या पाच वर्षांत ऑस्ट्रियाने डॅन्यूबलाच सरळ, नवं पात्र खणून दिलं आणि जुने फाटे तोडले.